मध्यंतरापर्यंतचा सिनेमा

शेजारच्या गल्लीतलं एक पोरगं परवा अठरा वर्षांचं झालं. आदल्या रात्री बारा वाजता फटाके, स्प्रेचा फेस, डोक्यावर फोडलेली अंडी, सगळं यथासांग पार पडलं आणि सकाळी मोबाइल उघडला तर त्याच्या स्टेटसला ‘सत्या’ सिनेमातला भिकू म्हात्रे. समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून ‘मुंबई का किंग कौन?’ म्हणून गळा फाडून ओरडणारा. त्याच्या पाठोपाठ हे पोरगं स्वतः, काळा शर्ट, गॉगल, मित्राची बुलेट. मला गंमत वाटली. ‘सत्या’ आला १९९८ साली, म्हणजे या पोराच्या जन्माच्या कितीतरी आधी. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर ते भेटलं. समोर पिळून दिलेल्या म्हशीच्या दुधाचा ग्लास हातात, ओठावर फेस, अशा अवस्थेत मी कौतुकानं विचारलं, “सत्या बघितलास व्हय?” तर म्हणालं, “न्हाई ओ काका, तेवढाच सीन हाय माझ्याकडं.” म्हटलं, “आणि पुढं त्याचं काय होतं?” “पुढचं कोण बघत बसतंय? तेवढंच भारी हाय की.” दूध संपवलं, माझेही पैसे देऊन टाकले आणि किक मारून गेलं.

पोरगं गुणाचं आहे. आजीला दवाखान्यात नेतं-आणतं, तालमीत जातं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यामुळे काळजीचं असं काही नव्हतंच. पण त्याचं बोलणं खड्यासारखं टोचत राहिलं. आणि टोचायचं कारण ते पोरगं नव्हतं, हे मला जरा उशिरा उमगलं.

आम्ही ‘सत्या’ बघितला तो भर पावसाळ्यात. कॉलेज बुडवून, अर्थातच. उमा, उषा, पद्मा ही नावं तेव्हा आम्हाला वर्गातल्या मुलींच्या आधी आठवायची. थिएटरात ओल्या रेनकोटांचा आणि वाळत घातलेल्या छत्र्यांचा कुबट वास भरलेला, पंख्यांची घरघर, खुर्चीतला काथ्या बाहेर आलेला. माझ्या शेजारी माझा तेव्हाचा जिगरी दोस्त. भिकू खडकावर चढला आणि आख्खं थिएटर उठलं. दोस्तानं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी घातली की पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून कानावर हात ठेवला. मग सिनेमाचा तो दुसरा भाग. ज्या भाऊ ठाकूरदाससाठी भिकूनं एवढं सगळं केलं, तोच त्याला घरी बोलावतो आणि हसत-बोलत असताना गोळी घालतो. ना संवाद, ना मांडीवर डोकं ठेवून मरणं. थिएटर चिडीचूप. मागून कुणीतरी भाऊला एक सणसणीत कोल्हापुरी शिवी हासडली, तेवढीच. बाहेर पडलो तेव्हा धो धो पाऊस होता. रंकाळ्याच्या कट्ट्यावर भडंगाची पुडी संपायच्या आत दोस्त कठड्यावर चढला आणि तळ्याकडे तोंड करून ओरडला, “कोल्हापूरचा किंग कोन?” आम्ही खालून त्याचं नाव घेतलं.

म्हणजे शेवट बघून तासही झाला नव्हता.

तेव्हा आमच्याकडे मोबाइल नव्हते, एवढाच काय तो फरक. कातरी डोक्यातच होती. अस्वस्थ, बेफाम, वाया गेलेल्या किंवा घालवलेल्या पोरांवरचे सिनेमे आपल्याकडे काही कमी झाले नाहीत आणि त्यातले चांगले सिनेमे शेवटाला येऊन फार निष्ठुर होतात. पण त्यांच्यातून आपण घरी काय घेऊन येतो, ते बघितलं की थक्क व्हायला होतं. एन. चंद्रांचा ‘अंकुश’ घ्या, १९८६ चा. चार बेकार पोरं, नाक्यावर बसणारी, हातात काम नाही आणि डोक्यात नुसती आग. ज्या मुलीमुळे ती माणसात येतात तिच्यावर अत्याचार होतो, कायद्याच्या हाती काही लागत नाही, पोरं सूड घेतात आणि शेवटी फाशीची शिक्षा. आणि या सिनेमातून आपल्या वाट्याला काय आलं? ‘इतनी शक्ति हमें देना दाता’. अभिलाष यांचे शब्द, कुलदीप सिंग यांची चाल, आपल्या पुष्पा पागधरे आणि सुषमा श्रेष्ठ यांचे आवाज. हजारो शाळांत ती प्रार्थना झाली. सकाळी मंगळवार पेठेतून चालत जाताना एखाद्या शाळेच्या भिंतीपलीकडून ती ऐकू येते. पांढऱ्या शर्टातली, तेल लावून चापून भांग पाडलेली शेकडो पोरं, कुणीतरी हळूच पुढच्याला चिमटा काढतंय, बाई डोळे वटारताहेत. फासावर जाणाऱ्या पोरांच्या सिनेमातलं हे गाणं आहे, हे त्यातल्या किती बाईंना ठाऊक असेल? ठाऊक नसलं तरी बिघडत नाही म्हणा. गाणं चांगलंच आहे.

‘झिंगाट’चं मात्र मला कोडंच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यानंतर महाराष्ट्रात एक वरात त्याच्याशिवाय निघाली असेल तर शप्पथ. आमच्याकडे विसर्जन मिरवणुकीत ते लागलं की महाद्वार रोडला पायाखालची जमीन हलते. आजोबा लोकसुद्धा रुमाल काढतात. पण ‘सैराट’ सिनेमात ते वाजतं कुठं? प्रिन्सच्या वाढदिवसाला. आर्चीच्या भावाच्या. शेवटी साड्या-भांडी घेऊन माहेरची माणसं म्हणून जे येतात, चहा पितात आणि मग जे करतात, त्या प्रिन्सच्या. त्याच्याच वाढदिवसात आपण सगळे नाचतोय आणि लग्नाच्या वरातीत नाचतोय. कधी कधी आंतरजातीय लग्नाच्याही. नागराज मंजुळे यांनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटतं आणि त्यांचा तो डाव आपण सगळ्यांनी मिळून उधळून लावला असंही वाटतं. शेवटी ते लहान पोर रक्तात पाय भरवून बाहेर जातं तेव्हा आवाज पूर्ण बंद होतो. थिएटरातून बाहेर आलेल्या बायका पदर तोंडावर धरून गप्प चालताना मी बघितल्या आहेत. महिनाभरात त्याच बायका हळदीला झिंगाटवर.

मी त्यांना हसत नाही. मीही नाचलोय.

आमची आई मात्र या बाबतीत वेगळी. ती असल्या सिनेमांना ‘भीतीचे सिनेमे’ म्हणते, भुताच्या नाही. कारण तिच्या लेखी ती गोष्ट सिनेमात सुरूच झाली नव्हती. १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर खून सत्र झालं तेव्हा तिची बहीण पुण्याला दिलेली. मावशीची पत्रं यायची : संध्याकाळी सातनंतर आम्ही दार उघडत नाही, दूधवाल्यालाही आधी नाव विचारतो. आणीबाणीचा काळ, वर्तमानपत्रांतही मोजकंच, त्यामुळे अफवांना ऊत. नायलॉनची दोरी हा शब्द घरात नुसता उच्चारला तरी बायका दचकायच्या. मधल्या काळात ते टोळकं कोल्हापुरातही येऊन गेलं होतं, इथल्या एका व्यावसायिकावर त्यांचा डोळा होता, पण जमलं नाही, हे नंतर बाहेर आलं. आई अजून सांगते, की खरी भीती पोरं पकडल्यावर वाटली. तोवर तिला वाटायचं, कुणी दरोडेखोर असतील, दाढीवाले, लाल डोळ्यांचे. निघाली कोण, तर कमर्शियल आर्ट शिकणारी कॉलेजची पोरं. चित्रं काढणारी. बाजूनं गेली तर आपण “अभ्यास कसा चाललाय बाळा” म्हणून विचारू, अशी. दहा खून. चौघांना १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्यात फाशी झाली.

त्यावर ‘माफीचा साक्षीदार’ आला तोही ‘अंकुश’सारखा १९८६ मध्येच आणि ‘अंकुश’सारखाच त्यातही नाना पाटेकर. म्हणजे एकाच साली नाना दोन टोळक्यांचा म्होरक्या. एका सिनेमात अन्यायाचा सूड घेणारा, दुसऱ्यात विनाकारण मारत सुटणारा. पहिला घराघरात पोचला, दुसऱ्याचं नाव आज पोरांना सांगावं लागतं. मला वाटतं, कारण दिलं की आपल्याला बरं वाटतं. बेकारी होती म्हणून, अन्याय झाला म्हणून, बापानं जमीन विकली म्हणून. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये प्रवीण तरडेंनी ते कारण फार नेमकं पकडलंय. जमिनीचा पैसा आला आणि गेला, बाप मार्केट यार्डात हमाली करतोय, पोरगं ते बघतंय. मोहन जोशींचा तो बाप मला राहुलपेक्षा जास्त आठवतो. पण कारणच नसलेली पोरं? घरी बरं चाललेलं, पोटाला आहे, अंगावर कपडे आहेत आणि तरी. त्यांच्याकडे बघायची आपली तयारी नसते.

अनुराग कश्यपचा ‘पाँच’ त्याच खून सत्रावरून सुचलेला. तो थिएटरात कधी लागलाच नाही. सेन्सॉरनं अडवला, मग काटछाट करून सोडला, तरी अडकला तो अडकलाच. आमच्यापर्यंत आला तो कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून, विद्यापीठाजवळच्या एका भाड्याच्या खोलीत, चादर टाकून खिडकी झाकलेली, एका मॉनिटरसमोर आम्ही सगळे दाटीवाटीनं. पाच जणांचा बँड, पैसा नाही, एका मित्राच्या खोट्या अपहरणाचा बेत, आणि के के मेननचा ल्यूक. डोळे असे, की आपणच मागं सरकतो. बेत खोटा, पण मित्र मरतो तो खराच. रागाच्या एका झटक्यात. त्यानंतर माघारी फिरायची वाटच नाही, एका खुनावर पांघरूण घालायला दुसरा. सिनेमा संपल्यावर खोलीत कुणीच कुणाची नक्कल केली नाही, हे मला स्पष्ट आठवतंय. पुढे २०११ मध्ये बेजॉय नांबियारचा ‘शैतान’ आला, कश्यपनंच त्याच्या निर्मितीत हात घातलेला. तिथेही पाच जण, तिथेही खोटं अपहरण, फक्त पोरं श्रीमंतांची आणि गाडी मोठी. त्या गाडीखाली स्कूटरवरचे दोघं जातात आणि तिथून सगळं घसरत जातं. छान केलाय सिनेमा, पण इतका चकाचक की मरणसुद्धा देखणं दिसतं. ‘खोया खोया चाँद’वर गोळ्या सुटतात आणि आपण ताल धरतो. ‘पाँच’नं मला तसा ताल धरू दिला नव्हता. माझ्या लेखी या दोन सिनेमांतला फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

सेन्सॉरचं निघालं म्हणून सांगतो, पडद्यावरचं मरण बघून हबकायचा मान आपल्या गावाकडे फार आधीपासून आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच, कोल्हापुरात, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ केला. त्यात भीमानं केलेला कीचकवध इतका हुबेहूब उतरला की तो प्रसंग कापायला लावला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच सिनेमावर. तेव्हापासून आजवर कापणाऱ्यांची नजर मारामारीवर, शिव्यांवर, नशेवर. ‘उडता पंजाब’ २०१६ मध्ये थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला, तोही याच भांडणात. त्यांचं म्हणणं काय, तर हिंसा कापा, शेवट ठेवा, म्हणजे बोध राहील. आणि आमच्या शेजारचं पोरगं करतं त्याच्या बरोबर उलट. शेवट कापतं, आरोळी ठेवतं. तीस सेकंदांत बसतं तेवढंच. बोर्डाला बिचाऱ्याला हे सुचणंही शक्य नव्हतं.

मग तलवारीनं केक कापला जातो. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गावची बातमी असते : वाढदिवस, बोनेटवर ओळीनं मांडलेले केक, तलवार किंवा कोयता, मागं एखादं ‘खतरनाक’ गाणं. दुसऱ्या दिवशी तीच पोरं पोलीस ठाण्याच्या दारात हात जोडून माफी मागताना दिसतात आणि तेही मोबाइलवरच. गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरात, नाशिकच्या पोलिसांनी भाईगिरी करणाऱ्यांकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणवून घेतलं आणि ते एवढं गाजलं की शाळकरी पोरं त्याच्या नकला करू लागली. लंगडत चालायच्या लकबीसकट. धाक बसावा म्हणून केलेलं, तेही करमणूक होऊन बसलं. आता पोलिसांनी तरी काय करावं? आरोळी तीस सेकंदांची, तर शिक्षाही तेवढ्याच मापाची दाखवावी लागते.

आणि खरी शिक्षा तर दाखवता येण्यासारखी नसतेच. हे मला कळलं ते त्या शिट्टीवाल्या दोस्तामुळे. रंकाळ्याच्या प्रकारानंतर वर्ष-दीड वर्षानं एका फुटबॉल सामन्यानंतर दोन पेठांत जुंपली. दगड, काठ्या, कुणाचं तरी डोकं फुटलं. यानं किती मारलं आणि किती नुसता पुढं उभा होता, ते देव जाणे. पण नाव आलं. गुन्हा दाखल झाला, वर चांगल्या वर्तणुकीची हमी मागणारी चॅप्टर केसही लागली. त्यानंतर सुरू झाल्या तारखा. तेव्हा कोर्ट सीपीआर दवाखान्यासमोर भाऊसिंगजी रोडला होतं, आता त्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं. त्या व्हरांड्यात मी त्याच्याबरोबर कैकदा बसलोय. भिंतीला पानाच्या पिचकाऱ्या, टायपिंगची कटकट, वकिलाचा कारकून “आज होत नाही, पुढची घ्या” म्हणून सांगणार. साक्षीदार आला तर साहेब रजेवर, साहेब आले तर साक्षीदार गावाला. त्याची आई डबा घेऊन यायची. सुनावणी नसली तरी यायची. पिठलं, भाकरी, कांदा, आणि आम्हा दोघांना पुरेल एवढं. तिनं त्याला एका शब्दानं कधी सुनावलं नाही, आणि तेच त्याला सोसायचं नाही. भरतीसाठी धावायचा तो, छाती भरलेली, उंची बसलेली. गुन्हा दाखल आहे म्हटल्यावर ते धावणं सुटलं. एक लग्न ठरता ठरता मोडलं. शेवटी निर्दोष सुटला, तोवर केस विरळ झाले होते. हे कोण दाखवणार? कॅमेरा लावायला तिथे काही घडतच नाही. रोज थोडं थोडं कमी होत जाणं, एवढंच.

तो आता उद्यमनगरात लेथवर काम करतो. स्वतःचं छोटं शेड आहे, दोन मशिनं, अंगाला कायम लोखंडी भुग्याचा आणि कूलंटचा वास. दूध कट्ट्यावरची गोष्ट मी त्याला मुद्दाम जाऊन सांगितली. त्याचा पोरगा त्याच वयाचा आहे. तो जॉब फिरवत ऐकत होता, व्हर्नियर लावून माप घेतलं, मान हलवली. म्हटलं, “तुला सत्यातलं काय आठवतंय रे?” मला वाटलं, खडक म्हणेल. मशीन बंद करून म्हणाला, “त्याची बायको. प्यारी. ते दोघं भांडत्यात बघ घरात, ती वाजवती त्येला, आणि ह्यो हसतोय.” शेफाली शाहचे ते प्रसंग. सिनेमातले सगळ्यात साधे, घरातल्या उजेडातले. मी म्हटलं, “तेव्हा तर शिट्टी खडकावर मारलेलीस.” “तवा बायको कुठं हुती?” म्हणाला आणि दोघंही हसलो.

मग बऱ्याच वेळानं, चहा आल्यावर, त्यानं सांगितलं की पोराला घेऊन बसला होता एका रविवारी. सबंध सिनेमा दाखवायला. माझ्याआधीच त्याला हे सुचलेलं. पोराच्या हातात मोबाइल होताच. खडकाच्या सीनला मान वर केली, “पप्पा, हे तर स्टेटसला असतंय,” म्हणालं. मग पुन्हा मान खाली.

“आणि शेवट?”

“शेवटाला झोपलं ते,” कपातला राहिलेला चहा शेडबाहेर फेकत तो म्हणाला. “मी बघितला एकट्यानं. आवाज बारीक करून. मालकीण उठती.”